डाग न धरणारं कापड

१२ नोव्हें. १९९७, जळगाव
कंपनीची फिनिशिंग रूम, कापडावर शेवटची प्रक्रिया करण्याची, वैशालीला मिळाली. शेठजींनी दोघींना समोर उभं करून सांगितलं. एम.एस्सी.ला मला पहिला वर्ग, तिला दुसरा. पण डाग न धरणाऱ्या कापडाची कल्पना तिची, हेही खरं. तिच्या वडिलांची चोपड्याला केळी. केळीचा चीक पडला की शर्ट शेतापुरता उरतो, हे ती लहानपणापासून बघतेय. मी धुळ्याची, शाळामास्तरची मुलगी. मला कुठून सुचणार.
मी टेस्टिंगलाच. दुपारभर कापडाची ताणशक्ती मोजली. आकडे नेहमीचे.

२० नोव्हें.
प्रात्यक्षिक झालं. भिकाभाऊंनी, म्हणजे तिच्या रूमच्या ऑपरेटरनी, कापड त्या दुधासारख्या द्रावणातून काढलं, रोलरमध्ये पिळलं, भट्टीतून फिरवलं. वै.ने केळीचा ताजा दांडा कापून वर धरला. चीक मण्यांसारखा घरंगळला. शेठजींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
मुंबईचा सप्लायर म्हणाला, द्रावणातला माल इतका निष्क्रिय आहे की कशाशीच क्रिया करत नाही. कार्बन-फ्लोरिनचा बंध सहज तुटत नाही, बरोबर आहे त्याचं.
गुठळ्या झाल्या की वै. कोपरापर्यंत हात घालून मोडते. म्हणाली, हात कसे मऊ झालेत बघ. झाले होते.

११ डिसें.
गावात काविळीची साथ म्हणून शेठजींनी सगळ्या स्टाफला लस द्यायचं ठरवलं. मी सांगितलं की साथ पाण्यातून येणाऱ्या काविळीची आहे, ही लस रक्तातून येणाऱ्या काविळीची. शेठजी म्हणाले, "अरे, कावीळ ती कावीळ. फुकट मिळतंय, घेऊन टाका." तीन डोस घ्यायचे. पहिला आज, ऑफिसच्या व्हरांड्यात. वै. आणि मी लागोपाठ, एकाच बाटलीतून.
वै. नर्सला म्हणाली, "हिला जपून टोचा सिस्टर, ही आमची तराजू. हलली तर चुकीचं वजन दाखवेल." सगळे हसले. हे नाव आता गोडाऊनपर्यंत पोचलंय.

२७ जाने. १९९८
साप्ताहिकात वै.चा फोटो. मागे तिचे वडील, अंगात आपलं कापड. मथळ्यात तिला "संशोधिका" म्हटलंय. द्रावणाची तीव्रता आणि भट्टीचं तापमान बसवून दिलं होतं मी, एका रविवारी, तिच्याच विनंतीवरून. ते बातमीत नाही. मीही कुणाला बोलले नाही.

१९ मार्च
वै. पुन्हा रजेवर होती. आधी घसा, मग कान, आता काखेत गळू. तिच्या जागी दोन दिवस मी. भट्टीचं दार उघडलं की गोडसर, कोरडा वास येतो. पंखा आहे, पण तो हवा आत ढकलतो. दोन दिवस फार चांगले गेले. ती लवकर बरी होऊ नये असं नाही वाटलं. पण आज ती दारात दिसली तेव्हा...

१० मे, धुळे
आईकडे. वै.चं लग्न ठरलं. मुलगा डॉ. महेश, इथलाच, स्वतःची पॅथॉलॉजी लॅब. आईने माझी पत्रिका त्यांच्याकडे आधी दिली होती. उत्तर आलं नव्हतं. आई म्हणाली, "तुझी मैत्रीण हसरी आहे गं." नंतर बराच वेळ कैऱ्या चिरत बसली.

१५ जून
तिसरा डोस. वै.च्या कमरेला नागीण उठलीय, तशीच येऊन टोचून गेली. पंचविशीत नागीण. तिचे वडील म्हणतात उष्णता.

१७ ऑग.
मागच्या आठवड्यात वै. म्हणाली होती, महेश लस लागली का ते बघणार आहे, तूही चल, पैसे पडणार नाहीत. दोघींनी रक्त दिलं होतं. आज धुळ्याला जाऊन निकाल घेतला. माझ्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर. तिच्या रक्तात नाहीतच म्हणावीत इतकी कमी. महेश म्हणाले, काहींना लागत नाही, पुन्हा देऊ. 
प्रामाणिकपणे लिहायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. कशात तरी मी वर आले. एस.टी.त बसेपर्यंत टिकलं ते.

१९ ऑग.
एकच बाटली, एकच नर्स, वय सारखं. कावीळ दोघींनाही झालेली नाही. फरक फक्त रूमचा.
दोन माणसांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं. एका जुन्या पुस्तकात भट्टीच्या धुराने येणाऱ्या तापाबद्दल अर्धं पान आहे. प्रतिकारशक्तीबद्दल काही नाही.
पण जे कशाशीच क्रिया करत नाही, कशानेच तुटत नाही, ते अंगात गेलं तर तुटून बाहेर कसं पडणार? सप्लायर नोव्हेंबरात सांगत होता तेव्हाच हे विचारायला हवं होतं. मी टाळ्या वाजवत होते.

२४ ऑग.
वै.ला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, निंबाखाली. आजारपणं, लस, भट्टीचा वास, क्रमाने. तिने पूर्ण ऐकलं. डबा बंद केला.
"तुला रूम हवी आहे ना? शेठजींकडे माग. माझं रक्त कशाला मध्ये आणतेस?"
मी म्हटलं, रूमचा प्रश्न नाही.
"आणि महेशकडे तुझी पत्रिका आधी गेली होती. मला माहितेय. मी कधी बोलले नाही तुला."
रूम हवी होती. पत्रिका गेली होती. यातलं काय खोटं म्हणू.

२८ ऑग.
आणखी रक्त तपासल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. त्या रूमचे दोघे, भिकाभाऊ आणि सखाराम. तुलनेला गोडाऊनचे दोघे. चौघांनीही तिन्ही डोस घेतलेत. शेठजी म्हणाले, ऑर्डर तोंडावर असताना कामगारांच्या डोक्यात काही घालू नका. महेशना फोन केला. म्हणाले, सँपल पाठवा. वै.ला सांगणार का, ते त्यांनी विचारलं नाही.
भिकाभाऊ म्हणाले, "रगत कसाले पाहिजे, ताई? मी ते बरा शे." कशासाठी ते खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मंग? वाईट निघनं ते काम सोडू का?" मी म्हटलं, ते मला ठरवता येत नाही. त्यांनी बाही वर करून हात पुढे केला.

२ सप्टें.
सकाळी काचेतून पाहिलं. वै.ने रबरी हातमोजे घातले होते, लांब, कोपरापर्यंतचे. स्वतःहून आणलेले असणार. तिची नजर वर आली. मी दिसले. तिने हातमोजे काढून रोलरच्या कठड्यावर टाकले आणि हात द्रावणात घातला.
मी काचेपाशी गेले नसते तर?

४ सप्टें.
महेश उद्या दुपारी फोन करणार आहेत.
चौघांचे आकडे चांगले आले तर भिकाभाऊ सुखरूप, वै. कदाचित तिच्या नशिबाने एकटी. मग माझ्या बोलण्यात उरलं काय, ते सगळी कंपनी सांगेल. फिनिशिंगच्या दोघांचे शून्याजवळ आले तर शेठजींना ऐकावं लागेल. वै.लाही.
भिकाभाऊंना तीन मुली आहेत. आज जाताना "येतो, ताई" म्हणाले, रोजच्यासारखं.
मी शून्य यावं म्हणून वाट बघतेय.