एकच पान

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझी तक्रार नोंदवून घे. काल संध्याकाळी माझ्यासारख्या सेहेचाळीस वर्षांच्या, कंबरेला पट्टा बांधणाऱ्या गृहस्थाला पाऊण तास एका पिवळ्या स्टुलावर बसवण्यात आलं. स्टुलावर बदक रंगवलेलं आहे. दात काढण्यापूर्वी लहान मुलांना त्यावर रमवतात म्हणे. माझे गुडघे कानांना लागत होते आणि शेजारच्या बाई आता मला खाऊ देतात की काय, अशी धास्ती वाटत होती.

झालं असं, की आमच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत घरगुती मैफल ठेवली होती. ते स्वतः व्हायोलिन वाजवतात, कोपऱ्यावरचे चष्मेवाले चेलो, आणि एक अबोल बाई पियानो. आम्ही तेवीसजण ऐकायला. सवयीने सगळे जबडे आवळून बसलो होतो. कधी आतून नाव पुकारतील याचा नेम नव्हता. पण वाजवलं असं, की दहा मिनिटांत लोकांची तोंडं आपणहून उघडी पडली. डॉक्टरांना धंद्यातही हे जमलेलं नाही.

मी इतका खाली होतो, की पियानोवाल्या बाई मला दिसल्याच नाहीत. दिसत होता तो त्यांच्या शेजारी पानं उलटायला उभा असलेला माणूस. पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरायचा, बाईंनी मान हलवली की उलटायचं. एवढंच काम. ते बघताना मी घामाघूम झालो. असो.

त्या बाईंची बदली झाली आहे. नवं कोणी माहीत आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी तुझं नाव देऊन बसलो. पत्ताही दिला. रागावायचं असेल तर पत्रातून रागाव. फोनवर तू फार मोठ्याने रागावतेस.

मी आणि बदक दोघेही ठीक. माया आहे तेवढी असू दे, या पत्रापायी घटवू नकोस.

तुझा,
ठोंब्या


९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बदकाला विचारल्याचं सांग. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतोस, त्याचा पगार घेतोस, आणि स्वतः मात्र मला न विचारता माझं नाव वाटत फिरतोस. डॉक्टरांचं फार सभ्य पत्र आलं. तितकाच सभ्य नकार मी लिहून ठेवला आहे, सोमवारी टाकते.

कारण तुला नव्याने सांगायला नको. त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पानं उलटायला तूच माझ्याशेजारी होतास. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी मला ते काल घडल्यासारखं दिसतं. छान चाललं होतं, आणि एकाएकी समोरचं पान अनोळखी झालं. त्यावरचा एक सूर ओळखीचा दिसेना. हात थांबले. डोळे मिटून उघडले, तर पान पुन्हा जागच्या जागी, नेहमीचं. पण तोवर सगळेच थांबले होते. नंतर मला पियानो शिकवणाऱ्या बाई घरी येऊन मायेने म्हणाल्या, की काहींचं डोकं माणसांसमोर टिकत नाही, तू आपली मुलांना शिकव. शिकवलं. त्याचं दुःख नाही, माझी मुलं गुणी आहेत. पण डोक्याचा भरवसा उडाला तो उडालाच.

ती रचना दर रविवारी खिडक्या लावून मी अजून वाजवते. वही तीच. त्या पानाचा वरचा कोपरा तेव्हाच कुठल्याशा मेल्या उंदराने नेला, बाकी शाबूत आहे. बंद खोलीत एकदाही चुकत नाही. पण तेवीस माणसांसमोर पुन्हा तसं झालं तर? पन्नाशी उलटल्यावर हसं करून घ्यायची हौस नाही मला. तुझी भाचीही नोकरीच्या गावाहून लिहिते, की आई एकदा तरी वाजव. तुम्हा मामा-भाचीचा कट दिसतो.

पट्टा सैल बांधत जा. आशीर्वाद दिलेत ते परत घेत नाही, पण पुरवून वापर.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

आज तक्रार नाही. नकार टाकला नसशील तर टाकू नकोस, आधी हे वाच.

तुझं डोकं फिरलं नव्हतं. मी दोन पानं उलटली होती.

पानं एकमेकांना चिकटलेली होती. तुझे हात थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू डोळे मिटलेस तेवढ्यात मी ओढून एक पान मागे घेतलं. तू डोळे उघडलेस तेव्हा सगळं जागच्या जागी होतं आणि अख्खा हॉल तुझ्याकडे बघत होता. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पानं उलटणाऱ्याकडे कोणी बघत नसतं.

मी अठरा वर्षांचा होतो. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी तू दार लावून बसलीस. मग उद्या सांगू म्हटलं. उद्या तुझ्या बाई येऊन ते बोलून गेल्या, आणि ते मी दाराआडून ऐकलं. मग तुझं लग्न निघालं, मग भाची झाली, आणि नंतर इतका उशीर झाला की आता सांगणं हाच निराळा गुन्हा वाटायला लागला. लोकांच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार मी लांबून हेरतो. ही चूक मात्र रोज तपासली आणि रोज तशीच छापायला सोडली.

माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते तुझ्याकडून आपणहून आलं तरच खरं.

लोभाचं काय करायचं ते आता तू ठरव.

ठोंब्या


२३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद लिहायला हात होत नव्हता म्हणून उशीर झाला. आज लिहिते. अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी भिंतीवरचा तुझा लहानपणचा फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी नुसता खिळा बरा दिसेना म्हणून परत लावला, पण तोंड भिंतीकडे करून. अजून तसाच आहे.

मी चार वेळा चष्म्याचा नंबर बदलून घेतला. मेंदूच्या डॉक्टरांना डोकं दाखवलं. ते म्हणाले काही झालेलं नाही, तर त्यांनाच काही कळत नाही असं ठरवून मी घरी आले. गाडी चालवायला शिकले नाही, भर रस्त्यात पान अनोळखी झालं तर काय म्हणून. हे सगळं तुला ऐकवायचं होतं. ऐकवलं. आणखी ऐकवलं तर तुला जन्मभर त्या स्टुलावर बसवावं लागेल.

चार दिवस नुसती चिडचिड केली. पाचव्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवून वाजवलं. खाली भाजीवाला थांबला होता. मी थांबले नाही.

डॉक्टरांना होकार कळवला आहे. रचना तीच, वही तीच. पानं उलटायला माणूस माझा असेल, असंही कळवलं. माणसाला सूचना अशा, की बाह्या दुमडून यायचं, नखं कापून यायचं, आणि मी मान हलवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

फोटोचं मागाहून बघू. तब्येत सांभाळ, माणूस मला धडधाकट हवा आहे.

ताई


२३ मार्च

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

मैफलीला यायला रजा मिळाली नाही म्हणून तू रुसलीस, आणि आईने "ठीक झालं" या दोन शब्दांत तुझी बोळवण केली, म्हणून माझ्याकडे खुलासा मागितलास. माझी कर्मकथा तुला फोनवर आधीच वाचून दाखवल्याचं तिने मला कळवलं आहे, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

डॉक्टरांनी मला अगत्याने बदक देऊ केलं. मी उभा राहणार असल्याचं अभिमानाने सांगितलं. तुझ्या आईने पंखा बंद करवला, चष्मेवाल्यांना खुर्ची दोन बोटं सरकवायला लावली आणि भरल्या खोलीत माझी नखं तपासली. एका आजीबाईंना मी पेशंट वाटलो.

तिचे हात गार होते. चुकून लागले तेव्हा कळलं. मग डॉक्टरांनी व्हायोलिनचा गज उचलला आणि सुरू झालं. पहिलं पान, दुसरं पान. ती मान हलवी, मी उलटी. तिसरं, म्हणजे त्या दिवशीचं तेच, जवळ आलं तसं मी ते आधीच चिमटीत धरलं. अंगठ्याने तीनदा चाचपलं, पान एकच होतं. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने डोळे मिटलेले होते.

झालं पुन्हा तेच, असं मला वाटलं. पण हात चालू होते, भाचीबाई. मुद्दाम मिटले होते तिने. तशाच मिटल्या डोळ्यांनी तिने मान हलवली, मी उलटलं, आणि ती पुढे गेली. तिला पान नकोच होतं, सगळं बोटांत बसलेलं. तरी शेवटपर्यंत एकेका पानाला तिने माझ्यासाठी मान हलवली.

शेवटचा सूर संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजीबाईंनी तुझ्या आईला विचारलं, की इतके दिवस कुठे होतीस. तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, की पान उलटायला चांगला माणूस मिळत नव्हता. फोटोचं तोंड सध्या कुठल्या दिशेला आहे, तेवढं तिथे गेलीस की बघून कळव.

आता हे तिला सांगू नकोस. सगळे आत चहाला गेले तेव्हा वही पियानोवरच होती. चिकटलेली पानं सोडवताना फाटलेला कोपरा मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी खिशात घातला होता. ज्या उंदराला ती इतकी वर्षं शिव्या घालते, तो मीच. पाकिटं सहा बदलली, कोपरा प्रत्येकात राहिला. छापखान्यातली डिंकाची बाटली बरोबर नेली होती. तिसरं पान काढलं, कोपरा जागेवर बसवला, वाळेपर्यंत बोटाने दाबून धरला. त्यावर तिने त्या दिवशी माझ्यासाठी पेन्सिलीने लिहिलेली सूचना अजून स्वच्छ वाचता येते: "ठोंब्या, एकच!"

रविवारी ती वही उघडेल. तू आपली अजाण राहा, आणि लोभ कर.

तुझा,
मामा