नाव झाकलेली फिल्म

९ जून, सोमवार

आज दादाचा मास्क मीच केला. बारा वर्षं हेच करतेय – प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची, पेशंटच्या चेहऱ्यावर ओढायची, कडक होईपर्यंत दाबून धरायची. किरणं देताना डोकं केसभरही हलू नये म्हणून. पण सख्ख्या भावाच्या नाकावर बोटं टेकली आणि दाबवेना. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर, मॅडम, शेजारीच उभ्या होत्या. दादा जाळीच्या आतून – "सांभाळून! एकदा मोडलंयस ते." मग मॅडमना सांगावं लागलं. मी सात वर्षांची, तो दहाचा, झोपाळा मी ढकललेला. नाक अजून डावीकडे झुकलेलं. मॅडम किती दिवसांनी हसल्या!

मेंदूत गाठ असताना याला विनोद सुचतात. शाळेत भाषा शिकवतो, तोंड बंद राहील कसं.

२५ जुलै

तीस दिवस पूर्ण. किरणं संपली. वहिनीने मास्क घरी नेला! कशाला, कोण जाणे.

१६ डिसेंबर, मंगळवार

दादाच्या मेंदूच्या स्कॅनवर नवा डाग. जुन्या जागेला लागूनच. सर्जन म्हणाले, "गाठ परत आलीय. डोकं उघडावं लागेल." बोलणं कायमचं जाऊ शकतं. दादा ऐकून गप्प बसला. तो गप्प बसला की मला धडकी भरते.

मॅडमचं सगळं संशोधन याच एका प्रश्नावर चाललंय – असा डाग म्हणजे परतलेली गाठ, की किरणांनीच झालेली जखम? फिल्मवर दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. जखम असेल तर औषधाने ओसरते, थांबायचं फक्त. मॅडमना सरळ विचारू? नको. माझं तोंड बघून पाघळतील. मला खरं हवंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज मी लबाडी केली.

दर शुक्रवारी मॅडम ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून आलेल्या डोक्याच्या स्कॅनच्या वीस फिल्म वाचतात. नावावर मी पांढरी पट्टी चिकटवते. माणूस कोण, ते त्यांना कळू द्यायचं नाही. त्या "गाठ" म्हणतात किंवा "जखम", स्वतःच्या हाताने वहीत लिहितात आणि वही कपाटात कुलूपबंद. दोन महिन्यांनी उघडून, खरं काय निघालं त्याच्याशी ताडून बघायचं. चुकलं असेल तिथे स्वतःच लाल गोल करतात! एवढी मोठी बाई, पण स्वतःला सूट म्हणून नाही.

आज एक फिल्म काढून तिथे दादाची घातली. अकरावी. इतरांना मिनिटभर, हिला पाच मिनिटं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जखम."

माझ्या हातातलं चिकटपट्टीचं रीळ खाली पडलं. मॅडमनी पुढची फिल्म मागितली.

२३ डिसेंबर, मंगळवार

दादाच्या केसची मीटिंग. मॅडम सर्जनना म्हणाल्या, "औषध देऊ आणि आठ आठवडे थांबू. चुकलं तर माझ्यावर." सर्जन कुरकुरले, पण मानले. काय बाई आहे!

आणि मी हिला फसवलंय. सांगायचा धीर होत नाही.

११ जानेवारी

दादा शब्द विसरतोय. आज चमच्याला "ते, ते" म्हणाला. मॅडम चुकल्या असतील तर?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डाग अर्ध्याहून लहान झालाय! वहिनी जिन्यातच रडली. दादा म्हणाला, "आता बोलू का?" आणि जो सुरू झाला तो जेवताना पण थांबला नाही. मॅडमचे पाय धरावेसे वाटले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वही उघडली. मॅडमनी मलाच वाचायला लावली.

अकरावी ओळ लाल शाईने खोडलेली. शेजारी १९ डिसेंबरचीच तारीख – "नाक ओळखलं. माझं वाचन मोजू नये. फिल्म नाव झाकून बाहेरच्या दोघा डॉक्टरांकडे पाठवली." त्याखाली २२ डिसेंबर – "दोघंही म्हणतात, जखम."

मला वर बघवेना.

"पुढच्या वेळी," मॅडम म्हणाल्या, "नाकावरही पट्टी लाव गं."