टेबल चारचं बटण

प्रिय हाजरा,

काष्टीला भावाकडं जाऊन बसलीस, फोन उचलत नाहीस, मग घे हे पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लागलं नाही तर तुझ्या भाचीला, अरफाला वाचायला लाव.

पहिली खबर, आपल्या कारखान्यातलं लेबलाचं यंत्र सुधारलं. पंपाच्या खोक्यावरचा नंबर दाखवला की पडद्यावर दोन-दोन मिनिटं चक्र गरगरायचं, ते गेलं. आता नंबर दाखवला की लेबल हातात. काल चारलाच खोकी संपली नि आम्ही सगळ्या बायका रिकाम्या. सुपरवायझर सुनीलला कळेना, ओरडावं कशावर.

पुण्याहून रेश्मा नावाची इंजिनियर पोरगी आलती. तीन दिवस आपल्यात बसली, माझा ठेचा खाऊन नाक पुसत काम केलं तिनं. मी फाडकन विचारलं, हे यंत्र आळशी आहे का गं? तर म्हणाली, आळशी कसलं मावशी, लई राबतंय ते. एक पंप कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर झाला हे हुडकायला दर वेळी नऊ वर्षांच्या सगळ्या खोक्यांच्या नोंदी पहिल्यापासून बघायचं. तुझ्या काष्टीच्या बाजारात एक शेळी हुडकायला गेटापासून एकेका जनावराचं तोंड बघत जावं, तसं. तिनं नंबरवार यादी बांधून दिली, जुनी वर्षं बाजूला काढली. आता ते सरळ त्या दावणीला जातं.

म्हणजे खोकी तुंबायची ती तुझ्या हातानं नाही. त्या दिवशी सुनीलनं तुला सगळ्यांसमोर मंद म्हटलं, नि मागून मीच ओरडले, हाजरे, मेंदी वाळायचीय का अजून? सगळ्या हसल्या. तू डबा उचललास नि गेलीस. सात वर्षं एका डब्यात जेवलो आपण. परवा मी सुनीलला गेटावरच धरला. त्यानं मॅनेजरसमोर चूक कबूल केली, सोमवारी पहिल्या पाळीला तुला बोलावलंय. तुझ्या स्टुलावर मी कुणाला बसू दिलं नाही, माझी पिशवी असते तिथं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. रेश्मानं पडद्यावर दाखवलं, एकच नंबर टेबल चारवरून एका मिनिटात अकरा वेळा मागितलेला. दर वेळी लेबलाचं बटण दाबलं की यंत्र पुन्हा पहिल्या खोक्यापासून सुरू. तुझा नंबर त्या अकरांच्या मागं अडकायचा. तिनं विचारलं, टेबल चारवर कोण बसतं? तू एकदा दाबून हात मांडीवर ठेवायचीस. शेजारी ठकठक कोण करायचं, तुला ठाऊक आहे. मी सगळ्यांसमोर उभी राहिले नि म्हणाले, "ती मी." पुन्हा सगळ्या हसल्या, या वेळी माझ्यावर. बरं वाटलं.

अरफा, एवढं मोठ्यानं वाच, घरात सगळ्यांना ऐकू जाऊ दे: चूक मनकर्णाची होती. हाजरा, सोमवारी ये. मी वाट बघते, हात मांडीवर ठेवून.

तुझीच, टेबल चारवाली,
मनकर्णा