सूर्यचुलीची अमरावती शाखा

२२ फेब्रुवारी १९५९, रविवार

रोजनिशी सुरू. आधी कधी लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. काल मुंबईच्या कंपनीचे शेवडे साहेब टांग्यातून सूर्यचूल घेऊन आले. जाहिरात वाचून अख्ख्या अमरावतीतून पत्र टाकणारी मी एकटीच, असं ते म्हणाले. म्हणजे इथे स्पर्धा नाही.

चूल म्हणजे परातीच्या चौपट मोठी, चकचकीत पत्र्याची थाळी. तिच्यावर पडलेलं ऊन मध्ये टांगलेल्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी गोळा होतं. लाकूड नाही, राख नाही, धूर नाही. दर दहा मिनिटांनी थाळी सूर्याकडे वळवायची, एवढंच काम.

मेअखेर साहेब काम पाहायला येतील. पसंत पडलं तर मला कंपनीची ‘निदर्शिका’ नेमणार. निदर्शिका म्हणजे करून दाखवणारी. मग मी माझ्या खोलीत, माझ्या कामावर. अकोल्याला मुलाकडे जायचा प्रश्नच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कंपनीचं पत्रक दोनदा वाचलं. येत्या दहा वर्षांत देशातल्या दर चौथ्या घरात सूर्यचूल असेल. जिथे ऊन जास्त तिथे मागणी जास्त. आमच्या वऱ्हाडाइतकं ऊन कुणाकडे आहे? पुण्याचे लोक काय शिजवतील!

२५ फेब्रुवारी

देवमनचं पत्र. तो अकोल्याला कचेरीत कारकून आहे, सून इंदूही तिथेच. लिहितो, “आई, तू एकटी राहतेस ते बरं दिसत नाही. उन्हाळ्यात बघू. जागेचं जमलं की न्यायला येतो.” पोरगा किती घायकुतीला आला आहे. पण माझा नाइलाज आहे. उत्तर टाकलं, “मी कामात आहे. आग्रह करू नकोस.”

५ मार्च

पहिला प्रयोग. तुरीची डाळ साडेदहाला ठेवली. साडेअकरापर्यंत थाळी वळवली. मग ऊन डोक्यात गेलं, तेव्हा निरीक्षणं लिहायला आत आले. डोळे मिटून विचार केला. साडेतीनला विचार संपला. बाहेर येऊन पाहते तर डाळ शिजून लोणी झालेली.

शेजारच्या आयशाबीला हाक मारून दाखवली. तिचा नवरा वाहेद टिनाचं काम करतो, म्हणून तिला पत्र्यातलं कळतं. ती म्हणाली, “लय चांगली शिजली.” मग दारात बसून रोजच्यासारखा माझ्याकडून पेपर वाचून घेतला. तिला अक्षर येत नाही. मीसुद्धा लग्नानंतर पुड्यांच्या कागदांवरच शिकले, तिला तेच सांगते. ती म्हणते, “तू हायेस ना वाचायले.”

९ मार्च

वरणाला किंचित धुराची चव येते. सूर्याच्या आचेचा तो गुण असावा. शिवाय गंजाच्या बुडाला कंपनीनं लावलेला काळा रंग हाताला लागतो. कच्चा दिसतो. दोन्ही गोष्टी साहेबांना कळवल्या.

१२ मार्च

आजपासून बाजार हाती घेतला. सुरुवात आवारातूनच. समोरच्या सत्यभामाला सगळं समजावलं. ती म्हणाली, “पर बाई, मी सकाळी आठालेच सयपाक करून मोकळी होतो. भर दुपारी आंगनात उभी राहून डाळ कोन पाहीन? डाळ शिजायच्या आंधी मीच शिजीन.” हा गैरसमज आहे. टिपून ठेवला.

मग म्हणाली, भाकर होते का. भाकर होत नाही. भाकर पुढच्या पंचवार्षिक योजनेत घेऊ.

मग म्हणाली, सूर्यनारायणाले चुलीले जुंपलं, पाप लागीन. मी म्हटलं, तुझ्याकडे तो देव आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, आमच्याकडे तो नुसता तारा आहे. कामाला लावला तर बिघडलं काय?

१९ मार्च

तिवसा. मोटारीनं गेले. माणिकबाई, माझी मावसबहीण, तिनं पाच बाया जमवल्या. पाचही जणींच्या घरी भिंतीला टेकून छपराइतके पऱ्हाट्यांचे ढीग. कापूस वेचून झाला की झाडं उपटायची, जाळायची. सरपण फुकट. एकीनं विचारलं, मंग ह्या पऱ्हाट्यायचं काय करू, लोनचं घालू? सगळ्या हसल्या. मीही हसले. बाजारात मिसळावं लागतं.

तिवसा: मागणी सुप्त.

२६ मार्च

शेंदूरजनाघाट. सगळीकडे संत्र्याची झाडं, अंगणातसुद्धा. गार सावली. खूप बरं वाटलं. तिथे सूर्यचुलीला ऊनच मिळणार नाही हे परतताना मोटारीत लक्षात आलं.

शेंदूरजनाघाट: पानगळीत पुन्हा पाहू. (संत्र्याची पानं गळतात का, विचारायचं.)

२ एप्रिल

देवमनचे बाबा जाऊन आज दोन वर्षं झाली. वीस वर्षं जिनिंगमध्ये. डॉक्टर म्हणाले, छातीत कापूस बसला. पण कामावरून आले की ते बसायचे माझ्या चुलीशेजारी. भाकर थापताना मी आणि ते, मध्ये धूर. मी त्यांना पेपर वाचून दाखवायची आणि ते खोकायचे. हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

आज डाळ लावली नाही. आयशाबीनं खिचडी आणून दिली.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सभेत दोन मिनिटं बोलायला मागून घेतली. विषय : ‘धुराविना स्वयंपाकघर आणि आपला समाज’. पत्रकातले आकडे पाठ केले होते. ‘बंधुभगिनींनो’ म्हटलं आणि बँड आला. बँडपुढे आकडा टिकत नाही. पण देशमुखांच्या गिरणीजवळ राहणाऱ्या पार्बताबाईनं नंतर विचारलं, ती थाळी छपरावर टाकली तर पानी गळनं थांबीन का? चौकशी झाली. नोंद केली.

२४ एप्रिल, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस! सकाळपासून आभाळ भरलेलं, ऊन एक मिनिट नाही. तरी शिस्त म्हणून डाळ ठेवली, थाळी आभाळाकडे करून आत आले आणि विचार केला. चारला पाहते तर डाळ शिजलेली. ढगाळ दिवशी!

यंत्र कंपनीच्या कल्पनेपुढे गेलं आहे. देशाच्या बाजाराचा सगळा अंदाज बदलायला हवा. कोकण मोकळं झालं. पावसाळा मोकळा झाला. आयशाबीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “आज तं ढग होते, नाही का.” हो ना, म्हटलं, तेच तर! ती कपाळावर हात मारून घरात गेली. अशिक्षितपणा माणसाला आनंदसुद्धा होऊ देत नाही.

साहेबांना दोन पानी पत्र टाकलं.

६ मे

साहेबांचं उत्तर. माझं पत्र त्यांनी मुंबईला वरपर्यंत पाठवलं. २० तारखेला स्वतः येतात. शेवटी लिहिलं आहे, “आपल्या पत्राने मला फार धीर आला.” कंपनीच्या साहेबाला माझ्या पत्रानं धीर येतो. देवमनच्या बाबांना हे वाचून दाखवलं असतं.

देवमनला कळवलं, “३१ तारखेला ये, पण मला न्यायला नको. नेमणुकीचं पत्र पाहायला ये.”

१९ मे

आयशाबी तीनदा येऊन गेली. साहेब किती वेळ बसतील? जेवायला आमच्याकडे नेऊ का त्यांना? तासभर? मी म्हटलं, नाही, ते चुलीजवळच बसणार. म्हणाली, “ऊन लगेगा उनको.” तिला माझ्या साहेबांची एवढी काळजी का, कळत नाही.

२० मे, बुधवार, रात्री

लिहिते.

साहेब दहाला आले. खुर्ची लिंबाच्या सावलीत, चुलीपासून चार हातांवर. घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मी डाळ ठेवली. आज विचार करायला आत गेले नाही. साहेबांसमोर कशी जाणार? दर दहा मिनिटांनी थाळी वळवली. डोक्यावर ओला पदर. ऊन असं की जमिनीवर पाय ठेववत नव्हता.

आयशाबी दोनदा दारापर्यंत आली आणि परत गेली. तिसऱ्यांदा सरळ चुलीपाशी आली, म्हणाली, “भागीरथा, गंज दे इकडे, पानी कमी झालं असंन, मी घालून आनतो.” मी म्हटलं, पाणी आहे. ती म्हणाली, “तरी दे.” साहेब म्हणाले, “बाई, मध्ये हात नको.”

एक वाजला. डाळीचा दाणा दोन बोटांत धरला. टणक. साहेबांनी धरला. मग परत गंजात टाकला.

तेवढ्यात सत्यभामा पाण्याला निघाली. थांबून म्हणाली, “कावून ओ आयशाबी, आज तुह्या चुलीले सुट्टी हाय काय?”

आवारातली पोरंसुद्धा हसली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अडीच महिने रोज, मी आत गेले की आयशाबी गंज उचलून नेत होती, स्वतःच्या चुलीवर डाळ शिजवत होती आणि परत आणून टांगत होती. धुराची चव आयशाबीच्या पऱ्हाट्यांची. काळा रंग आयशाबीच्या चुलीचा. चोवीस एप्रिलचा ढगही तिचाच.

साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, कंपनी गेल्या महिन्यातच सूर्यचूल बंद करणार होती, देशात कुठेच चालत नाही म्हणून. ढगाळ दिवसाच्या पत्रावर ती थांबली. आता ते काय सांगणार? मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी विचारलं, तुमच्या घरी चालते ना? म्हणाले, “आमच्या घरी गच्चीवर आहे. सौभाग्यवती तिच्यात बघून केस विंचरतात.”

चहा घेतला. तो आयशाबीकडून आला. जाताना थाळी टांग्याला बांधली आणि दुसऱ्या एका कंपनीचं पत्रक माझ्या हातात दिलं. रॉकेलचा वातीचा स्टोव्ह. त्यांनी पुढच्या महिन्यापासूनच्या नोकरीची तिकडे बोलणी केली आहेत.

त्याच रात्री

आयशाबी आली होती. दार उघडलं नाही. बाहेरूनच बोलली. “तू बोलली व्हती ना, चूल चालली तं अकोल्याले जात नाही मनून? मंग मी काय करू? चलानी पड़ी मेरेकू. तू गई तो मेरेकू पेपर कौन पढ के सुनाएगा?”

मी आतून म्हटलं, “रेडिओ घे.”

ती बराच वेळ उभी होती. बांगड्यांवरून कळत होतं.

२३ मे

विचार पक्का. अकोल्याला जाणार. मुलगा इतका मागे लागला आहे, तर त्याचं मन का मोडायचं? परक्यांनी फसवलं, घरचे तर फसवत नाहीत. शिवाय अकोल्याला ऊन इथल्यापेक्षा जास्त. (याचा आता उपयोग नाही. खोडायचं.)

डॉक्टर म्हणाले होते कापूस. कदाचित कापूसच असेल.

२८ मे, गुरुवार

आवराआवर. जे नेता येत नाही ते वाटलं. रांजण सत्यभामाला. पाटा-वरवंटा तिच्या जावेला. खाट पार्बताबाईला, तिचा मुलगा डोक्यावर घेऊन गेला. पऱ्हाट्यांचा ढीग, कंदील, सूप, दोन घमेली, ज्याला जे हवं ते. सगळ्यांना सांगितलं, मुलगा ऐकतच नाही, करू काय. सत्यभामाच्या डोळ्यांत पाणी आलं. रांजण मात्र लगेच उचलला.

आयशाबीला काही दिलं नाही. ती दारात बसून पाहत होती. मांडीवर कालचा पेपर होता, उलटा.

३१ मे, रविवार

देवमन दुपारच्या गाडीनं आला. बांधलेली गाठोडी पाहिली आणि दारातच थांबला. पाणी मागितलं. रांजण नव्हता.

मग म्हणाला, “आई, तू लिहिलं होतं, न्यायले येऊ नको मनून. मी समजलो, बरं झालं. इंदूची आई आली आहे आमच्याकडे, तिचे डोळे गेले. दोन खोल्या. आमी बाहेर वऱ्हांड्यात निजून राहिलो. तुले कुठं ठेवू? दिवाळीपर्यंत पाहू.” मग विचारलं, “नेमणुकीचं पत्र दाखवतेस ना?”

म्हटलं, ते मुंबईहून यायचं आहे.

तो खाली मान घालून बसला. बिचाऱ्याचा काय दोष. नजर गेलेल्या बाईला काय हाकलून देणार? मी त्याला सहाच्या गाडीला पोचवून आले.

संध्याकाळी, आठ

परत आले आणि लगेच निघाले. सत्यभामाकडून रांजण आणला. तिनं पाणी भरून ठेवलं होतं, ते ओतून दिला. पाटा-वरवंटा जावेनं आणून टेकवला. सूप मिळालं, एक घमेलं मिळालं. पऱ्हाट्या निम्म्या जळाल्या होत्या. खाटेवर पार्बताबाईचा नातू झोपला होता, म्हटलं राहू दे.

प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगितलं, दिवाळीपर्यंत राहते, मुलानं फार आग्रह केला पण मीच नाही म्हटलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

आवारात आता एकच दार राहिलं. तिथे दिवा आहे, ती बसलेली दिसते. पण तिला मी काहीच दिलं नव्हतं. परत मागायला म्हणूनसुद्धा जाता येत नाही.