म्हशीच्या डावीकडून की उजवीकडून

बाबा, आठ दिवस हे लिहायचं टाळतोय. आधी शाई नव्हती. शाई आली, तर सावंतवाडीचा एक जण ट्रकची जुनी ट्यूब देतो म्हणाला, ती आणायला गेलो आणि दोन दिवस तिथल्या बाजारातच रेंगाळलो. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो, आता सिंधुदुर्गात आलो, घर न हलता. पण हे भलतंच सांगतोय. विषय नदीचा आहे.

केस कापायला गेलो होतो तिथे एका जुन्या साप्ताहिकात चित्र बघितलं. परदेशातली माणसं रबरी होडीतून फेसाळत्या पाण्यात वल्ही मारताहेत आणि चक्क हसताहेत. मनात आलं, हे तर तुम्हीही करायचात, फक्त हसत नव्हतात. घाटाखाली बांबूचा तराफा बांधून गडनदीने थेट खाडीपर्यंत. पुढे तुमचे जोडीदार काका, मागे तुम्ही. आता मी आणि माझा एक मित्र, पाद्रीच्या शाळेत माझ्याच बाकावर नापास झालेला, आम्ही तसंच जायचं ठरवलंय. पाणी जरा उतरलं की छोटी होडी, दोन्ही बाजूंना ट्यूब बांधून. सगळं जमलं, म्हशीपाशी अडलं.

नदीतला तो काळा कातळ अजून म्हशीसारखाच पाठ वर काढून बसलाय. आणि आठवणीत मी अजून काठावर उभा आहे, दहा वर्षांचा. तुम्ही मागून ओरडताय, "उजव्यान घे रे!" आणि काका पुढून, "डाव्यान, डाव्यान!" दोघांनी आपापल्या बाजूला रेटा दिला आणि तराफा म्हशीवर आडवा बसून मधोमध फाटला. तुम्ही दोघं दोन काठांना लागलात, ते पुन्हा कधी एका काठावर आला नाहीत. तुमच्या तेराव्यालाही काका दिसले नाहीत. पण बरोबर कोण होतं? आम्ही बुडू नये म्हणून मला हे हवंय, हे खरं. पण जायचं नसतं तरी हवंच होतं.

म्हणून तुमचीच रीत केली. पावसाळ्यानंतर पहिला तराफा सोडण्याआधी तुम्ही न सोललेले असोले नारळ पाण्यात टाकून, ते कुठल्या वाटेने जातात बघत काठाकाठाने धावायचात. मी तुमच्याकडेच बघत राहिलो की पाठीत धपाटा. "पाण्याकडे बघ मेल्या, माझ्या तोंडार काय नदी व्हावता?" खुणेला तुम्ही चुना लावायचात. तो धुऊन जातो म्हणून मी शहाणपणा करून तेलात कालवलेला शेंदूर फासला. सात नारळ सोडले. पाच डावीकडून सुखरूप सुटले. उजवीकडून गेलेले दोन म्हशीखाली ओढले गेले ते वर आलेच नाहीत. मित्र म्हणाला, "तुझो बापूस चुकललो रे." मी त्याला गप्प केलं. तेव्हा पाणी वेगळं असेल, असंही म्हणून बघितलं.

नदीच्या खालच्या गावात मात्र हाहाकार. शेंदूर लावलेले नारळ एकामागून एक येताना बघून बायका धुणं टाकून पळाल्या. "कोणीतरी करणी केल्यान गो!" आठ दिवस त्या गावात नदीचं पाणी कुणी भरत नाही, आणि ते नारळ माझे, हे मी अजून कबूल केलेलं नाही. शाईचंही खोटंच होतं, बाबा. तुम्ही चुकलात हे तुम्हाला लिहिणं माझ्याच्याने होत नव्हतं.

दारात कुणीतरी आलंय. काका आहेत. म्हातारे झालेत. हातात माझा शेंदरी नारळ, ज्याला गावात कुणी शिवलं नाही तो. उंबऱ्याबाहेरच उभे आहेत. म्हणतात, "ह्यो तुझोच मा? तुझ्या बापाशीची रीत माका कळणा नाय काय? खंयच्या बाजून इलो, ता सांग."

आणि बाबा, ते माझ्या तोंडाकडे बघताहेत.