चाळीसाव्या पानावरची खूण

अमरावती, रविवार

चि. सौ. आशा हिस,

तुझ्या थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे (माझी अब्रू सोडून). तुझे गुडघे, खुशालरावांचा बीपी आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील असं समजतो. प्राजक्ताच्या लग्नाची धावपळ जोरात असेलच.

तू अपेक्षाला इथे सोडून गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. ठरलं आपल्या दोघांतच होतं. धाकट्या पोरीला ऑटिझम आहे हे प्राजक्ताच्या सासरी कळलं तर सोयरीक मोडेल, तेव्हा लग्न उरकेपर्यंत ती मामाकडे. मीही मोठ्या मनानं हो म्हटलं. (मोठ्या मनाला काय लागतं? मागची खोली रिकामीच होती.)

तर झालं असं, की आमच्या वाचक मंडळानं मला एका कादंबरीवर बोलायला लावलं. एक ऑटिस्टिक पोरगा स्वतःच आपली गोष्ट सांगतो, अशी ती कादंबरी. मी चाळीस पानं वाचली आणि भाषण लिहायला घेतलं. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला पुस्तक संपवायची गरज पडत नाही. तेच पुस्तक अपेक्षानं एका दिवसात संपवलं आणि भाषणाला येते म्हणून हट्ट धरला. नेलं. तिथेच चुकलो.

भाषण मात्र असं रंगलं म्हणून सांगू! ही मुलं म्हणजे निर्मळ आरसे, असं लेकरू माझ्या घरात असतं तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो, वगैरे. बायकांनी डोळे पुसले. (त्यातल्या एकीनं गेल्या वर्षी अशाच एका पोराला नातवाच्या वर्गातून काढा म्हणून अर्ज केला होता.) तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तुझी लेक उभी राहिली. "मामा, तुमी चाळीसच पानं वाचले. खूण तिथंच हाये. आन् मी तर तुमच्या घरीच हाओ ना, मागच्या खोलीत. पाहुण्यांले दिसू नये म्हनून."

टाळ्या वाजवाव्या की नाश्त्याच्या गिलावड्याकडे वळावं, हे लोकांना कळेना. शेवटी गिलावडाच जिंकला. मी पाणी प्यायलो.

परत येताना ऑटोत मी रागानंच विचारलं, की एवढं वाचलंस तर तुला काय कळलं? ती म्हणाली, "त्या पोराले साऱ्या यष्ट्यांचं टाइमटेबल पाठ हाये, म्हनून लोक त्याले चांगलं म्हनतात. मले तर काहीच पाठ नाई. मंग मले कोन ठेवून घेईन?"

आशे, मी ऑटोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत बसलो. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली पानं वाचली. शेवटी पोरगा एकटा प्रवासाला निघतो, सगळे खूश. लेखकानं त्याला गावोगाव फिरवलं, ठीक आहे. घरच्या एका लग्नात पहिल्या पंगतीला बसवून दाखवलं असतं, तर मी त्याला मानला असता.

असो. मंडळात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तेव्हा खुशालरावांना गुरुवारी पाठव आणि पोरीला घेऊन जा.

तुझा,
दादा

ता. क. गुरुवारी नको. त्या दिवशी ती आणि तुझी वहिनी मुगवड्या घालणार आहेत.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो तोच लग्नाची पत्रिका आली. छपाई झकास. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' याखाली अकरा पोरांची नावं आहेत. खुशालरावांच्या पुतण्याचं बारसंसुद्धा न झालेलं पोरगं 'बाळ' म्हणून आहे. सख्ख्या बहिणीचं नाव नाही. अपेक्षानं यादी दोनदा वाचली आणि छापणारा चुकला काय, असं विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग त्याले सांगा ना."

तर सांगतो. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. मी येईन, एका हाताला प्राजक्ता आणि दुसऱ्या हाताला अपेक्षा घेऊन. जमत नसेल तर मामा दुसरा शोध.