तिसरा खण

३ डिसेंबर
तिसरा खण जमला. ओढला की आतला छोटा स्क्रीन लागतो, आईचा आवाज येतो. ढकलला की बंद. दहापैकी दहा वेळा. कपाट सागवानी, आईच्या पणजीचं, तिच्या माहेराहून, बोरीहून आंदणात आलेलं. वरच्या दोन खणांच्या चित्रफितीत फक्त आईचे हात: टायपिंगचं प्रमाणपत्र, एसटीचा जुना पास. तिसऱ्यात शिक्षिकेच्या नेमणुकीचं पत्र, आणि ती बोलते. संभाजीनगरच्या कलाप्रदर्शनात कपाटाची निवड झाली. १२ तारखेपर्यंत पोचवायचं. बाबांना वाटतं, कपाट दुरुस्त करतेय.

५ डिसें.
आत्या आली. रविवारी जिंतूरचं स्थळ. मला विचारलेलं नाही. "पुण्याची नोकरी सोडून कपाटात वायरी घालायलीस. कोण करंल तुला?" उरलेले स्क्रू मोजले. अकरा.

८ डिसें., रवि.
मुलाकडचे पाच जण. आत्यानंच मिरवलं, "पोरीनं केलंय, उघडून बघा की." मुलाच्या आईनं नेमका तिसरा खण ओढला. स्क्रीनवरची आई बोलायला लागली:
"पत्र आलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. यांनी वाचलं, घडी घातली, खणात ठेवलं. किल्ली खिशात. म्हणाले, बघू. चोवीस वर्षं झाली."
बाबा पोह्यांच्या बशीकडे बघत राहिले. आई दारात. मग मुलाची आई हसली. "अगं बाई, लय भारी! रुखवतात हेच मांडा. आवाज तेवढा बंद करा."
जाताना पसंती सांगून गेले.

९ डिसें.
बाबा: "कपाट घराबाहेर जाणार न्हाई. साखरपुडा बारा तारखेला." पत्राबद्दल एक शब्द नाही.
मुलाला फोन करून नकार कळवला. तो म्हणाला, "ते घरच्यांशी बोला ना." माझ्या घरचे म्हणतात, त्यांच्याशी बोलणं झालंय. दाराला कुलूप नाही. तरी आज अंगणाबाहेर गेले नाही.

१० डिसें.
आईला म्हटलं, तुझा आवाज काढून टाकते, मग बाबा कदाचित कपाट जाऊ देतील. ती भाकरी थापत होती. "काढू नको. एवढं बोलायला किती वर्षं लागली, ठाव हाय का तुला?"
संध्याकाळी टेम्पो तिनंच ठरवला.

११ डिसें.
बाबा सकाळीच मोंढ्यात, कापसाचा भाव बघायला. कपाट अखंड दारातून निघत नाही. एकही खिळा नाही, सांधे पाचरींवर. सहा पाचरी. हातोडी बाबांच्या खोलीत, खोली बंद. आई बत्ता घेऊन आली.
चार निघाल्या. पाचवी हलत नाही. तेल सोडलंय, मुरेपर्यंत हे लिहितेय.
टेम्पोवाल्याचा फोन: "ताई, रेल्वे फाटक पडलंय. मालगाडी जायलीय." मागून कुणीतरी त्याला विचारत होतं, रिकामा टेम्पो घेऊन कुणाकडं निघालास? बाबांचा आवाज. तेही घरी येताना फाटकाशी अडकलेत.
आईला सांगितलं.
"मालगाडी हाय ना? मग त्यांना यायला वेळ लागंल," म्हणाली, आणि बत्ता उचलला.